साथीच्या काळात पार्किन्सनच्या रुग्णाची काळजी: बाकी सगळं बदला, गोळीची वेळ नको

साथ आली की फिजिओथेरपी थांबते, डॉक्टरांची भेट पुढे ढकलली जाते, मदतीला येणारी व्यक्ती येईनाशी होते. यातलं बरंचसं फोनवर निभावता येतं. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाची वेळ मात्र टळता कामा नये.

म्हणून सुरुवात गोळ्यांपासून करा. निदान महिनाभराचा साठा ठेवा आणि दहा दिवसांच्या उरल्या की नवी चिठ्ठी मागवा. हे औषध एकाएकी बंद पडलं तर अंग लाकडासारखं ताठरतं, ताप चढतो, भान हरपतं. जिवावरही बेतू शकतं.

मग एका कागदावर औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ लिहा. ‘सकाळी’ असं मोघम नको, ‘६:३०’ असं लिहा. काळजी घेणारी व्यक्तीच आजारी पडली, तर दुसऱ्याला याच कागदावर भिस्त ठेवावी लागते. रुग्णाला दाखल करायची वेळ आली तर तो सोबत द्या. मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड आणि भ्रमासाठीचं हॅलोपेरिडॉल टाळायचं, हेही त्यावर ठळक लिहा. या औषधांनी पार्किन्सनची लक्षणं बळावतात. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन ही पार्किन्सनचीच औषधं चालू असतील, तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध परस्पर देऊ नका.

व्हिडिओवर तपासणी असेल तेव्हा फोन इतका लांब ठेवा की डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसेल. खुर्चीतून उठणं, चार पावलं चालणं, वळणं, अंगठा-तर्जनीची भरभर उघडझाप दाखवा. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते आधी सांगा, नाहीतर दिसतंय त्याचा अर्थ लावता येत नाही. स्नायूंचा ताठरपणा हात लावल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे रुग्ण वारंवार पडत असेल, तर प्रत्यक्ष भेटीचा आग्रह धरा.

व्यायाम रोज हवाच. चालताना पाय जमिनीला खिळत असतील, तर फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा आणि एक-एक ओलांडायला सांगा. अडलेलं पाऊल बरेचदा सुटतं.

पार्किन्सनमुळे मुळातच बारीक झालेला रुग्णाचा आवाज मास्कने आणखी दबतो. समोर बसा आणि वाक्य त्यांना पुरं करू द्या, मध्येच शब्द पुरवू नका.

संसर्ग ओळखताना एक फसगत होते. २०२० च्या कोव्हिड साथीत वास जाणं ही मोठी खूण होती. पण पार्किन्सनमध्ये वास अनेकदा कित्येक वर्षं आधीच गेलेला असतो. त्याऐवजी कंप, ताठरपणा किंवा गोंधळलेपणा एक-दोन दिवसांत अचानक वाढला का ते पाहा. वाढला असेल तर ताप मोजा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. गोळी मनाने वाढवू नका.