शेतकरी गटासाठी व्हॉट्सॲप: ग्रुपची घडी कशी बसवावी

कापसाच्या गावात शेतकऱ्यांचा गट तयार झाला, की त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याच संध्याकाळी सुरू होतो. तो कसा चालवायचा याचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. हे ॲप निरोप पोहोचवण्यात तरबेज, पण तो जपण्यात आणि खरा-खोटा पारखण्यात कच्चे आहे. ग्रुपची मांडणी हे लक्षात घेऊनच करावी.

एकाऐवजी दोन ग्रुप करावेत. सूचनांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला मेसेज पाठवता येईल अशी सेटिंग ठेवावी आणि बोलणे-विचारणे दुसऱ्या ग्रुपवर होऊ द्यावे, अन्यथा फवारणीची सूचना वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते. ॲडमिन किमान दोघे असावेत. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर इतरांना दिसतो, त्यामुळे कोणालाही, विशेषतः बचत गटातील महिलांना, विचारल्याशिवाय जोडू नये.

या साधनाचा खरा उपयोग कापसाचे बोंड आतून पोखरणाऱ्या गुलाबी बोंडअळीच्या हंगामात कळतो. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने या अळीचे नर पतंग ओढून घेणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर उपाय करण्याची वेळ आली असे मानतात; म्हणून प्रत्येकाने रोज सकाळी शेताचे नाव आणि पतंगांचा आकडा एवढेच चर्चेच्या ग्रुपवर लिहावे. एका शेतातील आकड्यावरून जे उमगत नाही, ते शेजारच्या चार-पाच शेतांचे आकडे एकाखाली एक आले की दिसू लागते. आकडा बोलून पाठवू नये. ज्यांना लिहिणे जड जाते त्यांच्यासाठी आवाजी मेसेज ही मोठीच सोय आहे आणि आपल्या वऱ्हाडीत सांगितलेले पटकन समजतेही, परंतु महिन्याभराने तो आवाज शोधून काढणे कठीण जाते. अशा मेसेजखाली कोणीतरी एक ओळ लिहून ठेवावी.

डोमकळीचा (अळी लागल्याने नीट न उमललेल्या फुलाचा) किंवा किडक्या बोंडाचा फोटो पाठवताना ॲप तो आपोआप हलका करते आणि नेमकी अळीच अस्पष्ट होते. त्यामुळे एचडी पर्याय निवडावा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. एक फोटो पूर्ण झाडाचा आणि एक उकललेल्या बोंडाचा असावा. शेतात रेंज नसेल तर घरी येऊन पाठवावा.

फोटोवर कोणी औषध सुचवले, तर ते लगेच पंपात ओतू नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्या भागाला सांगण्याची गरज नाही. अनेक औषधे एकत्र मिसळण्याचे सल्ले फॉरवर्ड होऊन आले, तर ते सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून तपासून घ्यावेत. दोन बाणांची खूण असलेला, म्हणजे अनेकदा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतो. या मर्यादेने अफवेचा वेग घटतो, तथापि मजकूर कॉपी करून चिकटवणाऱ्याला ती अडवत नाही.

तातडीच्या सूचनेनंतर आपला मेसेज दाबून धरावा आणि त्याची माहिती उघडावी. तो कोणाकोणाच्या फोनपर्यंत पोहोचला आणि कोणी वाचला, हे तेथे दिसते; ग्रुपमध्ये ज्यांनी निळी टिक बंद ठेवली आहे त्यांचेही वाचणे कळते. ज्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही त्यांना साधा फोन करावा. मेळघाटासारख्या भागात तर माणूसच पाठवावा लागतो.

अनुदान किंवा हप्त्याच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली, तर ती उघडू नये, ओळखीच्या नंबरवरून आली तरीही नाही, कारण त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. पैसे गेल्यास ताबडतोब १९३० वर कळवावे. सातबारा आणि आधारचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत.

गटाचा हिशेब, ठराव आणि सापळ्यांचे आकडे यांचे मूळ स्थान नोंदवहीतच आहे, कारण फोन हरवला आणि बॅकअप नसला की जुने मेसेज परत मिळत नाहीत. दर महिन्याच्या बैठकीत सचिवाने ग्रुपवरील आकडे वहीत उतरवावेत, हजर सदस्यांच्या सह्या घ्याव्यात आणि त्यानंतरच फोनची जागा अडवणारे फोटो-व्हिडिओ पुसावेत.