एका बॅटरीतून प्लस-मायनस करताना

दुसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट म्हणून माइकचा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) घेतला होता. पुस्तकातल्या सर्किटमध्ये ७४१ हा ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी आयसी होती. तिला प्लस १५ आणि मायनस १५ व्होल्ट हवे होते, आणि माझ्याकडे पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली ९ व्होल्टची एकच चौकोनी बॅटरी. सिनियर म्हणाला, "अरे, ७४१ ला ग्राउंडची पिन आहे का? नाही ना? मग शून्य कुठे मानायचं ते तूच ठरव."

तेच केलं. बॅटरीवर १० केचे (किलोओहमचे) दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावले आणि त्यांच्या सांध्याला ग्राउंड म्हटलं. मीटरवर ४.५ व्होल्ट. मी खूश.

मग हौसेने प्लस आणि या ग्राउंडमध्ये १ के लावून लाल एलईडी जोडला. तो जेमतेम मिणमिणला आणि मधला बिंदू साडेसहाच्याही वर सरकला! प्लसकडे अडीच व्होल्टसुद्धा उरले नाहीत. बॅटरी उतरली समजून दोन नव्या आणल्या, पैसे पाण्यात. खरी गोची अशी, की दोन १० केचा सांधा बाहेरून पाहिला तर ५ के मागे लपवलेल्या सप्लायसारखाच वागतो. त्यात अर्धा मिलिअँपियर घुसवला की अडीच व्होल्ट इकडचे तिकडे. नवशिक्याला ग्राउंड म्हणजे नुसता आकड्याचा संदर्भ वाटतो, पण सिग्नलचा करंट तिथूनच परततो.

उपाय सोपा निघाला. एलएम३५८ या आयसीत दोन ऑप-अँप असतात. एकाचं आउटपुट त्याच्याच मायनस इनपुटला जोडलं, प्लस इनपुटला सांधा दिला. आता ग्राउंड त्याच्या आउटपुटवर, परतणारा करंट सांध्याऐवजी तोच झेलतो. रेझिस्टर १०० केचे केले, म्हणजे त्यांच्यातून फक्त ४५ मायक्रोअँपियर जातात. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सांधा आणि बॅटरीच्या मायनसमध्ये लावा. मी मोठा कपॅसिटर थेट आउटपुटवर लावला होता, तर सर्किट ऑसिलेट व्हायला, म्हणजे आपोआप वरखाली झुलायला लागलं. एलईडी मात्र त्याच्या १ केसकट बॅटरीच्या दोन टोकांवरच ठेवा.

दोन बॅटऱ्या परवडत असतील तर ही कसरत करूच नका, त्यांचा सांधा हाच पक्का ग्राउंड. फक्त स्विच दोन्ही बाजू एकदम तोडणारा घ्या.

आणि स्कोपचं (ऑसिलोस्कोप, सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) सांगायचं राहिलं. दोन्ही प्रोबच्या ग्राउंडच्या क्लिपा आतून एकच असतात. मी एक बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी मधल्या ग्राउंडला, म्हणजे ऑप-अँपचं आउटपुट थेट मायनसला शॉर्ट केलं, आणि तापलेल्या आयसीवर बोट टेकवल्यावर चटका बसला.