छोट्या पाणबुडीच्या केबिनमध्ये हवा भरताना या चुका टाळा

एक-दोन माणसांची पाणबुडी स्वतः बांधणाऱ्याला केव्हातरी असे वाटते, की केबिनमध्ये हवा भरून आतला दाब थोडा वाढवला तर कवचावरचा भार हलका होईल आणि गळतीही थांबेल. समुद्रात दर 10 मीटर खोलीला साधारण एक बार (म्हणजे जवळपास वातावरणाच्या दाबाइतका) दाब वाढतो आणि आतला दाब त्यातून वजा होतो, त्यामुळे हिशेब कागदावर बरोबर दिसतो. परंतु आत नेहमीचाच वातावरणीय दाब राहील असे धरून बांधलेल्या पाणबुडीत हा उपाय मूळ दुखण्याहून घातक ठरतो.

पहिली चूक दाबाच्या दिशेची आहे. अशा पाणबुडीतल्या शंकूच्या आकाराच्या अ‍ॅक्रिलिक खिडक्या आणि हॅचचे (आत-बाहेर जाण्याच्या वाटेचे) झाकण पाण्याच्या दाबानेच आपल्या बैठकीत घट्ट बसतात, आणि बाहेरची कडी त्यांना केवळ जागेवर ठेवण्यापुरती असते. वर येताना पाण्याचा दाब कमी होत जातो, पण आत भरलेली हवा तशीच राहते आणि खिडकी बाहेर ढकलू लागते. झाकणाचा व्यास 60 सेंटिमीटर असेल, तर आतल्या अर्ध्या बार जादा दाबाने त्यावर सुमारे 1,400 किलोचा जोर येतो. अवघा 0.1 बार उरला तरी हा जोर 280 किलोंच्या वर असतो, म्हणून दाबमापक न पाहता आणि व्हॉल्व्ह उघडून दाब समान न करता खिट्टी काढणे म्हणजे झाकणावर वाकलेल्या मदतनीसाचा जीव धोक्यात घालणे होय.

दुसरी चूक शरीराला विसरण्याची. केबिनचा दाब वाढताच आतल्या माणसाच्या शरीराची स्थिती खोल पाण्यात उतरलेल्या गोताखोरासारखी होते. नायट्रोजन रक्तात विरघळतो, झपाट्याने वर आल्यास त्याचे बुडबुडे होतात, आणि दाब उतरत असताना श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकते. कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण एक टक्का असले, तरी दोन बार निरपेक्ष दाबाला (म्हणजे वातावरणाचा दाब धरून मोजलेल्या एकूण दाबाला) शरीरावर त्याचा परिणाम पृष्ठभागावरच्या दोन टक्क्यांइतका होतो.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका मात्र नकळत वाढणाऱ्या दाबाचा आहे. 200 बारला भरलेल्या 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे 2,000 लिटर हवा असते. ती सगळी दोन घनमीटर मोकळ्या जागेच्या केबिनमध्ये गळली, तर दाब दुप्पट होतो. म्हणून बॅलास्ट टाकीसाठी (पाणी किंवा हवा भरून पाणबुडी खाली-वर नेणाऱ्या टाकीसाठी) लागणारे हवेचे सिलिंडर कवचाबाहेर ठेवावेत आणि केबिनचा दाबमापक चालकाच्या नजरेसमोर असावा. काटा वर सरकताना दिसला, तर आधी तापमान पाहावे, कारण बंद केबिन उन्हात 20 अंशांवरून 40 अंशांवर गेली तरी दाब सुमारे सात टक्के वाढतो. तापमान तेवढेच असेल, तर ऑक्सिजन सेन्सरकडे वळावे. नेहमीचे विद्युतरासायनिक सेन्सर प्रत्यक्षात ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा, मोजतात. त्यामुळे 0.1 बार साधी हवा गळली, तर सेन्सरवरचा 21 टक्क्यांचा आकडा 23 च्या आसपास जातो. तेवढाच शुद्ध ऑक्सिजन गळला, तर तो 31 पर्यंत चढतो. दुसऱ्या स्थितीत आगीचा धोका झपाट्याने वाढलेला असतो, म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह लगेच बंद करून, अनावश्यक स्विचला हात न लावता वर यावे.

झाकणाची गळती तपासण्यासाठी आत हवा दाबून भरू नये. हॅच बंद करून आतला दाब किंचित कमी करावा आणि काटा स्थिर राहतो का ते पाहावे. यात झाकण बैठकीवर आवळले जाते, म्हणजे तपासणी प्रत्यक्ष वापराच्याच दिशेने होते. कवचाची ताकद मात्र आतून हवा भरूनही कळत नाही, कारण बाहेरच्या दाबाखाली कवच चेपून निकामी होते आणि आतल्या दाबाखाली ते ताणले जाते.

केबिनचा दाब जाणूनबुजून वाढवावा असा प्रसंग एकच, तो म्हणजे अडकलेल्या पाणबुडीतून बाहेर पडण्याचा. 10 मीटर खोलीवर त्याच झाकणावर सुमारे 2,900 किलोचा भार असतो, त्यामुळे आत पाणी घेऊन दाब समान झाल्याशिवाय ते उघडणार नाही, आणि बाहेर पडल्यावर पृष्ठभागापर्यंत श्वास सतत सोडत राहावा लागतो.