टॉय हॉलर घेतलाय? मग निदान या चुका तरी टाळा

टॉय हॉलर म्हणजे असा ट्रॅव्हल ट्रेलर ज्याच्या मागच्या भागात गॅरेज असतं आणि मागची अख्खी भिंत खाली उघडून रॅम्प होते. पुढे बेड, किचन, बाथरूम आणि मागे डर्ट बाइक नाहीतर साइड बाय साइड (शेजारी शेजारी सीट असलेली, मातीवाळूत चालवायची छोटी चारचाकी). कॅलिफोर्नियात ग्लॅमिस, ओकोटिल्लो वेल्स, पिस्मो अशा या गाड्या पळवायच्या ठिकाणी हल्ली अधूनमधून मराठीही कानावर पडतं, त्यामुळे "आम्हीपण घ्यायचा विचार करतोय" म्हणून विचारणारेही वाढलेत. पण विचारतात काय तर सोलर कुठलं लावू, टीव्ही केवढा बसेल. वजनाचं कोणी विचारतच नाही, आणि खरी भानगड तिथेच आहे. साधा ट्रेलर एकदा भरला की साधारण तसाच राहतो. हा मात्र दर वेळी वेगळा, म्हणजे गॅरेज रिकामं असताना वेगळा, भरलेलं असताना वेगळा, जाताना पाण्याची टाकी फुल्ल तर येताना रिकामी. दुरुस्त्या आणि मॉडिफिकेशन दोन्हीकडे हे डोक्यात ठेवलं नाही की गडबड होते.

ड्राय वेट बघून खूश होऊ नका

डीलर सांगतो ट्रेलर ७,४०० पाउंडाचा आहे, तुमचा ट्रक १२-१३ हजार ओढतो, मग चिंता कसली. अहो पण ते ७,४०० म्हणजे ड्राय वेट, रिकाम्या ट्रेलरचं. दाराजवळच्या स्टिकरवर जीव्हीडब्ल्यूआर (सगळं सामान धरून ट्रेलरचं जास्तीत जास्त चालणारं वजन) आणि कार्गो कपॅसिटी (त्यात किती सामान भरता येतं) लिहिलेली असते, ती वाचा. समजा जीव्हीडब्ल्यूआर ११,००० आहे, म्हणजे हातात राहिले ३,६००. चार सीटची साइड बाय साइड साधारण १,६००. पाण्याची १०० गॅलनची टाकी भरली की ८३४, कारण पाणी गॅलनला ८.३४ पाउंड भरतं. फ्युएल स्टेशनमधे (गाड्यांसाठी ट्रेलरलाच असलेली पेट्रोलची टाकी) ३० गॅलन पेट्रोल म्हणजे १८०. दोन लेड ॲसिड बॅटऱ्या १२० धरा. खुर्च्या, टूल, कूलर, कपडे, किराणा मिळून ५०० कुठेच गेले नाहीत (आपल्याकडे तर तांदूळ, कुकर आणि मिक्सरपण येतो). झाले ३,२३४. जनरेटर डीलरने नंतर बसवून दिलेला असेल तर त्याचे अजून पावणेदोनशे. म्हणजे शिल्लक दोनशेसुद्धा नाही आणि अजून तुम्ही एकही मॉडिफिकेशन केलेलं नाही.

ट्रकचा हिशोब तर याहून वाईट. टोइंगचा आकडा जाहिरातीत मोठा दिसतो पण हाफ टन ट्रकमधे (नेहमीचा घरगुती पिकअप) आधी संपतो तो पेलोड, म्हणजे ट्रकला स्वतःवर पेलवणारं वजन, आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. ११,००० पाउंडाच्या ट्रेलरचं टंग वेट (ट्रेलरचं पुढचं टोक, म्हणजे टंग, ट्रकवर जेवढं वजन टाकतं ते) १२ टक्के धरलं तरी १,३२० होतं. पेलोड १,६०० असेल तर उरले २८०, त्यात वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं (ट्रेलर ट्रकला जोडणारी, बार लावून वजन वाटणारी जोडणी) स्वतःचं वजन शंभरेक पाउंड, मग तुम्ही, बायको आणि पोरं कुठे बसणार ते तुम्हीच ठरवा.

अजून एक, कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी हे नीट बघा. ट्रॅव्हल ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पाउंडांच्या वर असेल तर साधं क्लास सी लायसन चालत नाही, नॉन कमर्शियल क्लास ए लागतं. कोणी थांबवून विचारत नाही म्हणून लोक तसेच फिरतात, पण उद्या अपघात झाला तर कागद सगळ्यात आधी बघतात. आणि ट्रेलर मागे असेल तर इथे लिमिट ५५ मैल आहे, बाकीचे ७५ ने जातायत म्हणून आपण जायचं नाही.

येताना ट्रेलर का डोलतो

"जाताना एकदम मस्त आला, येताना आय-८ हायवेवर शेपूट हलवायला लागला, हिच खराब आहे का?" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की उत्तर पाठ झालंय. हिच बहुतेक वेळा ठीकच असते. टंग वेट ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांमधे असायला हवं. टॉय हॉलर रिकामा असताना पुढे जड असतो, मुद्दाम तसा बनवलेला असतो, कारण मागे गाडी चढली की तो बॅलन्स व्हावा. आता बऱ्याच मॉडेलमधे पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे असते. जाताना टाकी फुल्ल, त्यामुळे पुढचं वजन राहतं. तीन दिवसांत पाणी संपलं, ते ग्रे (आंघोळ-भांड्यांच्या सांडपाण्याच्या) आणि ब्लॅक (संडासच्या) टाकीत गेलं, त्या टाक्या दुसरीकडे कुठेतरी, पुढचा किराणा संपला, गॅरेजमधली गाडी मात्र तेवढीच. टंग हलकी होते आणि मागून वारा किंवा मोठा ट्रक गेला की पायाखालची वाळू सरकते. म्हणून वाकून एकदा खाली बघा तुमच्या टाक्या ॲक्सलच्या पुढे आहेत का मागे, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. पुढे असेल तर परत निघताना थोडं पाणी ठेवणं फायद्याचं, मागे असेल तर बरोबर उलटं. गाडीपण गॅरेजमधे जमेल तेवढी पुढे घ्या.

वेट डिस्ट्रिब्युशनचे बार अजून घट्ट करून हे सुटत नाही. ते बार जड टंगचं वजन ट्रकच्या पुढच्या चाकांवर वाटतात, टंग मुळात हलकी असेल तर त्यांना वाटायला काही नाहीच.

आणि डोलायला लागलाच तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ट्रकमधला डबा) हाताचा लिव्हर वापरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. तो लिव्हर कुठे आहे हे घराजवळच्या रिकाम्या पार्किंगमधे आधी हाताला सवय करून घ्या.

अंदाजावर राहायचं नसेल तर ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) जा. तिथे तीन प्लॅटफॉर्म असतात, पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. एकदा ट्रेलर जोडून पण बार काढून वजन करा, मग ट्रेलर बाजूला लावून नुसत्या ट्रकचं करा, आणि ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतला फरक काढा, तेच तुमचं टंग वेट. भरलेल्या गॅरेजने एकदा आणि रिकाम्याने एकदा करा. अर्धा तास जातो फक्त, आणि नंतर कोणाशी वाद घालायची गरज पडत नाही.

गाडी चढवताना

ट्रेलर ट्रकपासून सोडलेला असताना गॅरेजमधे गाडी चढवू नका. मागे दीड हजार पाउंड आले की पुढची टंग जॅकसकट हवेत उचलली जाते. मागचे स्टॅबिलायझर जॅक लावलेत ना, मग काय होतंय, असं म्हणणारे भेटतात, पण ते जॅक नुसते हलणं कमी करायला असतात, वजन उचलायला नाहीत.

डी रिंग (गाडी बांधायच्या फरशीतल्या कड्या) ओढून बघा आणि शक्य असेल तर खालून बघा. ती फ्रेमला किंवा स्टीलच्या पट्टीला बोल्टने जोडलेली हवी. नुसती प्लायवुडमधे स्क्रूने बसवली असेल तर ती शोभेची आहे. रॅचेट पट्ट्यांवर दोन आकडे असतात, तुटायचा आणि वर्किंग लोडचा, वर्किंग लोड साधारण एकतृतीयांश असतो आणि आपल्याला तोच धरायचाय. वीसेक मैल गेल्यावर थांबून पट्ट्या परत आवळा कारण सस्पेन्शन बसतं आणि त्या सैल होतात.

इथेच एक मॉडिफिकेशनचं पण सांगतो. नवीन ई ट्रॅक (पट्टे अडकवायची खाचांची स्टीलची पट्टी) किंवा जास्तीच्या रिंगा लावायच्या म्हणून लोक गॅरेजच्या फरशीत वरून बिनधास्त ड्रिल मारतात. खाली पाण्याची टाकी असते, वायरिंग असतं, पेट्रोलची टाकीपण असू शकते. आधी खालचं कव्हर सोडून बघा, मगच ड्रिल हातात घ्या.

रॅम्पचं दार आणि पाणी

रॅम्पवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा, केबल लावून अंगणासारखा वापरताना मर्यादा वेगळी असू शकते. दार उघडताना हलकं वाटतं कारण बाजूला किंवा खाली ताणलेली स्प्रिंग असते. ती सोडायचा उद्योग घरी करू नका, हात मोडेल.

दाराचं खरं दुखणं म्हणजे पाणी. पावसाचं पाणी वरून ओघळत खालच्या रबरापाशी साचतं आणि आतल्या प्लायवुडमधे मुरतं. सेकंड हँड घेताना हे नक्की करा: दार उघडून खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, बिजागऱ्यांच्या वर, रबर बाजूला सारून अंगठ्याने जोरात दाबा. टणक लागलं तर ठीक. अंगठा आत गेला, किंवा बिजागरीचा स्क्रू नुसत्या बोटांनी फिरला, तर आतलं लाकूड कुजलंय आणि वरून कितीही चकाचक रंग मारलेला असो, दार नवीन करावं लागणार हे धरून किंमत बोला.

छतावर सिलिकॉन मारू नका, प्लीज. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळतं म्हणून मारतात, सहा महिन्यांत कड सुटते, आणि मग त्यावर दुसरं काही चिकटतच नाही, सगळं खरवडून काढावं लागतं. छताच्या सपाट भागाला डायकॉरसारखं सेल्फ लेव्हलिंग लॅप सीलंट, उभ्या भागाला न ओघळणारं, आणि खिडक्या, दिवे यांच्या मागे ब्युटाइल टेप. वाळवंटातलं ऊन रबर खाऊन टाकतं, त्यामुळे दर तीन-चार महिन्यांनी वर चढून बघाच.

चाकं, बेअरिंग, ब्रेक

ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने मरतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि मधेच हायवेवर चिंध्या होतात, जाताना चाकावरचा पत्रा आणि खालची पाइपपण घेऊन जातात. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) लिहून पुढे नंबर असतो, त्यातले शेवटचे चार आकडे बघा, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. हवा थंड टायरमधे भरायची, टॉय हॉलरसाठी बहुतेक वेळा टायरवर लिहिलेली पूर्ण, लोड रेंज ईला (टायर किती वजन पेलतो त्याची श्रेणी) ८० पीएसआय. टायर अपग्रेड करताना रिमचं रेटिंगपण बघा, ११० पीएसआयचा लोड रेंज जी टायर ८० च्या रिमवर चढवून काय मिळवलं? चाक बसवल्यावर १०, २५ आणि ५० मैलांना टॉर्क रेंचने नट परत तपासा.

बेअरिंगचं सांगतो, कारण इथे उत्साह जास्त नडतो. बऱ्याच ॲक्सलना मधे रबरी बूच असतं, त्याच्या मागे ग्रीसचं निपल, गन लावली आणि दाबत सुटले की झालं असं वाटतं. ते ग्रीस आधी आतल्या बेअरिंगकडे जातं आणि मग पुढे येतं. चाक न फिरवता किंवा कॉम्प्रेसरच्या गनने भसाभस मारलं तर ते आतलं सील ढकलून थेट ब्रेकवर जातं. ब्रेक शूच्या लायनिंगला एकदा ग्रीस प्यायला दिलं की ते नीट धुऊन निघत नाही, शू बदलावेच लागतात. आणि तुम्हाला कळतं कधी, तर उतारावर, जेव्हा एका बाजूचा ब्रेक लागत नाही तेव्हा. चाक उचलून, हाताने फिरवत, हातगनने हळूहळू द्या. त्याहून बरं म्हणजे वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांना ड्रम काढून बेअरिंग धुवा, हाताने ग्रीस भरा आणि सील नवीन टाका. ड्रम निघालाच आहे तर मॅग्नेट आणि शूपण बघून होतात. लीफ स्प्रिंगचे कारखान्यातले बुश बऱ्याचदा नायलॉनचे असतात, ते लवकर झिजतात. त्या जागी ब्रॉन्झचे बुश आणि ग्रीस देता येणारे बोल्ट टाकले तर ते माझ्या मते सोलरच्या आधी करायचं मॉडिफिकेशन आहे, फोटोत दिसत नाही एवढंच.

वीज आणि पेट्रोल

घरी ट्रेलर लावायला ३० ॲम्पचा पॉइंट घेताना इलेक्ट्रिशियनला "ड्रायरसारखा" असं चुकूनही सांगू नका. ट्रेलरचा ३० ॲम्पचा प्लग १२० व्होल्टचा असतो, एक हॉट, एक न्यूट्रल, एक अर्थ. इलेक्ट्रिशियन ३० ॲम्प ऐकून सवयीने दोन हॉट आणतो, २४० व्होल्ट जातात आणि कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा), मायक्रोवेव्ह, एसीचा बोर्ड एका झटक्यात खलास. प्लग लावायच्या आधी मल्टिमीटरने दोन तिरक्या खाचांमधे बघा, १२० च्या आसपासच यायला हवं. ५० ॲम्पचा चार पिनांचा पॉइंट वेगळा, त्यात २४० बरोबर आहे.

लिथियम बॅटरी टाकलीत आणि जुना कन्व्हर्टर तसाच ठेवलात तर तो १३.६ व्होल्टवर रेंगाळतो आणि बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही, तिला १४.४ ते १४.६ लागतात. मग लोक बॅटरीला शिव्या घालतात. फ्युज बॅटरीच्या अगदी जवळ लावा, दोन फूट लांब नाही.

जनरेटर महिन्यातून एकदा एसी लावून तास-दोन तास चालवा. नुसता सुरू करून बंद केला तर उपयोग नाही, जुन्या पेट्रोलने कार्बोरेटर चिकटतो आणि ऐन थँक्सगिव्हिंगला ग्लॅमिसमधे तो हटून बसतो.

गॅरेजमधे छताला ओढून ठेवायच्या बेडवर वर पोरं झोपतात आणि खाली पेट्रोल भरलेल्या बाइक, हे मला अजिबात पटत नाही. कॅम्पवर पोचलं की गाड्या बाहेर, खिडक्या उघड्या, वाफ गेल्यावर बेड खाली. पेट्रोल भरताना आतला वॉटर हीटर आणि प्रोपेनवरचा फ्रिज बंद, त्यांची ठिणगी आपोआप पडते. कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरलाही एक्सपायरी असते, मागे तारीख लिहिलेली असते, जुना झाला की बदला, टेस्टचं बटण वाजतंय म्हणजे तो चालू आहे असं नाही.

ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह हुकअपवर (कॅम्पवर गटाराची जोडणी असेल तिथे) उघडा ठेवून बसू नका. पाणी निघून जातं, बाकीचं खाली थापटून बसतं, आणि ते काढायचा दिवस कोणावर येऊ नये. टाकी दोनतृतीयांश भरली की एकदाच धाडकन सोडायची, आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे पाइप आपोआप धुऊन निघतो. मिशिगन, मिनेसोटाकडच्या लोकांनी थंडीच्या आधी वॉटर हीटर बायपास करून नळांमधे गुलाबी अँटीफ्रीझ फिरवायचं. हीटर स्टीलच्या टाकीचा असेल तर त्याचवेळी ॲनोड रॉडपण (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) काढून बघा, पण आधी पाणी थंड होऊ द्या आणि प्रेशर सोडा.