विदर्भातल्या खेड्यातून ट्रक ड्रायव्हरची पहिली स्थानिक नोकरी कशी शोधावी

विदर्भाच्या ग्रामीण भागात ट्रक ड्रायव्हर पाहिजे अशी जाहिरात क्वचितच निघते. आर्वीच्या जिनिंगला (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याला), वणीच्या कोळसा डेपोला किंवा तुमसरच्या राईस मिलला ड्रायव्हर लागतो, तेव्हा गाडीमालक आधी आपल्याच जुन्या ड्रायव्हरला विचारतो, मग पेट्रोल पंपावर आणि टायरवाल्याकडे शब्द टाकतो, आणि तेवढ्यात माणूस मिळून जातो. त्यामुळे नवीन ड्रायव्हरला काम कुठे आहे हेच कळत नाही, आणि कळले तरी ‘अनुभव किती?’ या प्रश्नापाशी बोलणे थांबते. मालकाच्या बाजूने पाहिले तर त्याचे म्हणणे चुकीचे नाही. गाडी बहुधा कर्जावर घेतलेली असते, हप्ता दर महिन्याला जातो, आणि अपघाताच्या वेळी ड्रायव्हरचे लायसन्स त्या गाडीला लागू नव्हते असे निघाले, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. ही धास्ती कमी कशी करायची, याचा विचार नोकरी शोधणाऱ्याने आधी करावा. अर्ज आणि ओळखी त्यानंतरच्या गोष्टी आहेत.

लायसन्सपासून सुरुवात करू. मालवाहू गाडी चालवण्यासाठी वय २० वर्षे पूर्ण असावे लागते. ट्रकसाठी शिकाऊ लायसन्स काढायचे तर हलक्या मोटार वाहनाचे पक्के लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे, शिवाय डॉक्टरांचे नमुना १-अ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते. शिकाऊ लायसन्स मिळाल्यानंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते; त्या अर्जाला मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र जोडावे लागते. पूर्वी असलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली आहे, हे अनेक गावांत अजून माहीत नाही आणि त्या समजुतीपायी चांगली मुले मागे राहतात. परिवहन वाहनाचे लायसन्स पाच वर्षांसाठी मिळते. मुदत संपण्याची तारीख मोबाईलमध्ये नोंदवून ठेवावी, कारण मुदत संपलेले लायसन्स मालकाच्या दृष्टीने नसल्यासारखेच असते.

अवजड वाहनाचे लायसन्स हातात येईपर्यंत घरी बसून राहण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की, हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीला ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. छोटा हत्ती आणि बोलेरो पिकअप या गाड्या त्यात बसतात; लहान आयशर किंवा ४०७ घ्यायची असेल तर आरसी बुकावरचे एकूण वजन वाचून खात्री करावी. माझ्या मते नवीन माणसाची पहिली स्थानिक नोकरी याच गाड्यांवर व्हावी. अशा गाड्यांचे मालक बहुधा गावातले किंवा तालुक्याचे असतात, ते तुमच्या घराला ओळखतात, आणि गाडीची किंमत कमी असल्याने नवीन माणसावर भरवसा टाकणे त्यांना जड जात नाही.

काम मागायला केव्हा जावे, याला विदर्भात फार महत्त्व आहे, कारण इथली बरीचशी वाहतूक पिकाच्या मागे चालते. दसरा-दिवाळीपासून सोयाबीन आणि कापूस घराबाहेर पडतो, आणि पुढे तीन-चार महिने हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट अशा जिनिंगच्या गावांत गाड्यांना उसंत नसते. भंडारा-गोंदियाकडे त्याच सुमारास धान खरेदी केंद्रांवरून भरडाईसाठी राईस मिलमध्ये जाऊ लागते, आणि उन्हाळी धानाच्या वेळी मे-जूनमध्ये पुन्हा तशीच धावपळ होते. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या मागेपुढे आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. बागेतून मंडीपर्यंत कॅरेट पोचवायला पिकअपच लागते. पावसाळ्यात मात्र गिट्टी-मुरुमाचे काम मंदावते आणि वीटभट्ट्या बंद असतात. त्या काळात बडनेरा, धामणगाव, अकोला यांसारख्या ठिकाणी रेल्वेच्या मालधक्क्यावर खताची रॅक (मालगाडी) लागली, की कृषी केंद्रांपर्यंत माल पोचवण्यासाठी चार-दोन दिवस गाड्या आणि ड्रायव्हर दोन्ही कमी पडतात. सांगायचे एवढेच की, हंगाम लागण्याच्या तीन-चार आठवडे आधी मालकाला भेटून ठेवावे. ऐन गर्दीत त्याला नवीन माणूस पारखायला वेळ नसतो आणि हंगाम संपल्यावर गरज नसते.

भेटायला जाताना मोकळ्या हाताने जाऊ नये. लायसन्सची प्रत, आधारची प्रत, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पोलिसांकडून घेतलेले चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र एका साध्या फाईलमध्ये लावावे, आणि ज्यांना फोन करून तुमच्याबद्दल विचारता येईल अशा दोन माणसांची नावे आधी त्यांना सांगूनच लिहावीत. ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षक, ज्यांचा ट्रॅक्टर तुम्ही चालवला ते शेतकरी, गावातले जुने ट्रक ड्रायव्हर यांचा शब्द इथे नातेवाइकांपेक्षा जास्त चालतो. ट्रॅक्टर-ट्रॉली चालवण्याचा अनुभव अवश्य सांगावा. ट्रॉली मागे घेता येणाऱ्याचा आरशावर हात बसलेला असतो, हे मालकाला ठाऊक असते. जे आले नाही ते येत नाही म्हणून सांगावे, कारण ते दहा मिनिटांत उघडे पडतेच.

ही दहा मिनिटे कशी असतात ते थोडे विस्ताराने सांगतो. जिनिंगच्या आवारात मालक फारसे काही न विचारता चावी देतो आणि गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे भरल्या गाडीचे वजन करणाऱ्या काट्यावर, लावायला सांगतो. घाईने केबिनमध्ये चढू नये. आधी गाडीभोवती एक चक्कर मारावी, टायर पाहावेत, मागच्या जोडचाकांमध्ये दगड अडकला आहे का ते वाकून पाहावे, फाळक्याच्या कड्या लागल्या आहेत का हे हाताने ओढून बघावे. गाडी सुरू केल्यावर एअर ब्रेकच्या गाडीत हवेच्या काट्याने पुरेसा दाब दाखवेपर्यंत जागचे हलू नये. अनेक नवखे इथेच चुकतात आणि मालक नेमके तेच पाहत उभा असतो. काट्याच्या फळीवर गाडी सरळ आणि सावकाश चढवावी, सगळी चाके फळीच्या आत आहेत याची दोन्ही आरशांत खात्री करावी, इंजिन बंद करून खाली उतरावे. त्यानंतर बहुधा गाडी मागे घेऊन गोदामाला लावण्यास सांगतात. क्लिनरला ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असे उभे करावे, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की तिथल्या तिथे थांबावे. दोनदा पुढे घेऊन पुन्हा लावावी लागली तरी त्यात कमीपणा नाही. भिंतीला घासली तर मात्र विषय संपला. आवारात विडी-सिगारेट खिशातूनही बाहेर काढू नये, कारण जिनिंगवाल्याला आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते.

ज्यांच्याकडे अवजड वाहनाचे लायसन्स आहे पण मोठ्या गाडीवर हात बसलेला नाही, त्यांनी काही महिने एखाद्या उस्तादाबरोबर दहा चाकीवर क्लिनर म्हणून जाण्यात कमीपणा मानू नये. ताडपत्री बांधणे, बिल्टी (मालाची वाहतूक पावती) वाचणे, मालाचे वजन मनात मांडणे ही कामे तिथेच शिकता येतात. रुईची एक गाठ सुमारे १७० किलोची असते, म्हणजे शंभर गाठींचे १७ टन झाले, हा हिशेब ज्याला तोंडपाठ असतो त्याला गाडी किती भरली आहे हे कुणाला विचारावे लागत नाही. मात्र लायसन्स नसताना ‘थोडी तू चालव’ म्हणून स्टिअरिंग हातात दिले तर नम्रपणे नकार द्यावा.

चंद्रपूर आणि वणी भागातल्या कोळसा खाणींवर टिप्पर चालवण्याचे काम बारमाही असते, पण खाणीच्या हद्दीत जाण्यापूर्वी सुरक्षेचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी होऊन गेटपास मिळावा लागतो. तो कंत्राटदार काढून देणार आहे का हे आधी विचारावे. पेट्रोल-डिझेलचे टँकर आणि गॅसच्या गाड्या यांना धोकादायक मालाचे वेगळे प्रशिक्षण व लायसन्सवर तशी नोंद लागते, म्हणून पहिल्या नोकरीसाठी तो विचार सोडावा. रेतीच्या बाबतीत मी थोडे कडकच सांगतो: वाहतूक परवान्याशिवाय रात्री रेती वाहणाऱ्या गाडीवर जास्त पैसे मिळतात हे खरे, पण गाडी पकडली गेली की मालक दंड भरून गाडी सोडवून आणतो आणि चोरीचा गुन्हा मात्र ड्रायव्हरच्या नावावर राहतो.

काम मिळण्याची चिन्हे दिसली की पहिल्या फेरीआधीच व्यवहाराचे बोलून घ्यावे. पगार महिन्याचा की ट्रिपमागे, भत्ता वेगळा आहे का, पंक्चर आणि काट्याचे पैसे कुणाचे, माल कमी भरला तर तूट कुणाच्या अंगावर, क्लिनर मिळेल की नाही, या गोष्टी मोबाईलवर लेखी संदेशाने तरी नक्की कराव्यात. कामाचे तास कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ आहेत; हंगामात ते पाळले जात नाहीत हे उघड आहे, म्हणूनच जादा वेळेचे काय, हे आधी विचारलेले बरे. मोठी उचल घेऊ नये, कारण ती फिटेपर्यंत नोकरी सोडता येत नाही. मूळ लायसन्स मालकाकडे ठेवायला देऊ नये. ‘शेठ, पॉलिसीत पगारी ड्रायव्हरची जोखीम धरली आहे ना?’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा. त्याचा हप्ता अगदी थोडा असतो, आणि अपघात झाला तर तुमच्या घराला त्याचाच आधार असतो. गाडीचा विमा, फिटनेस आणि पीयूसी चालू आहे का हे एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून तुम्हालाही पाहता येते.

दोन बाबतींत मालकाचे ऐकू नये. पहिली म्हणजे ओव्हरलोड. मोटार वाहन कायद्यानुसार त्याला २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये द्यावे लागतात, आणि लायसन्स तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ निलंबित होऊ शकते. दुसरी म्हणजे मालवाहू गाडीत माणसे बसवणे, मग ते कापूस वेचणीचे मजूर असोत की लग्नाचे वऱ्हाड. त्यासाठीही लायसन्स निलंबित होते, आणि गाडी उलटली तर पुढचे सगळे आयुष्य कोर्टाच्या तारखांत जाते. गावातली माणसे आग्रह करतात, ‘भाऊ, एवढ्या फाट्यापर्यंत सोड ना’ म्हणतात, आणि नाही म्हटले तर नाराज होतात. ती नाराजी पत्करावी.

प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर स्थानिक रस्त्यांच्या खोड्या सांभाळाव्या लागतात. मोकळा कापूस भरलेल्या गाडीचा फुगवटा गावातल्या लोंबत्या विजेच्या तारांना लागू शकतो, म्हणून अशा गल्लीत शिरण्याआधी क्लिनरला खाली उतरवून वर पाहायला लावावे. टिप्परचा डाला उचलताना जमीन सपाट आहे आणि वर तार नाही हे पाहावे, आणि डाला पूर्ण खाली बसल्याशिवाय गाडी हलवू नये. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर गाडी घालण्याआधी पायी चालून यावे; वरून सुकलेली माती आत ओलीच असते, आणि रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर बोलावला की त्या दिवसाची कमाई तिथेच संपते.

एक हंगाम पार पडला की मालकाकडून साध्या कागदावर पत्र मागून घ्यावे, ज्यात कोणत्या नंबरची गाडी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत चालवली आणि त्या काळात अपघात झाला नाही एवढे लिहिलेले असावे. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट कंपन्या किंवा बुटीबोरीचे कारखाने मोठ्या गाडीसाठी माणूस घेताना पहिल्यांदा हेच विचारतात, आणि पत्राखाली दिलेल्या नंबरवर फोन करून खात्रीही करतात. म्हणून पत्रावर मालकाचा चालू मोबाईल नंबर आहे की नाही हे तिथेच पाहून घ्यावे.