वादी एल नत्रून: इजिप्तच्या वाळवंटातले प्राचीन मठ कसे पाहावेत

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या इजिप्तच्या सहलींत पिरॅमिड, लक्सर, अस्वान आणि पुष्कळदा एक दिवस अलेक्झांड्रिया असतं. कैरोहून अलेक्झांड्रियाला जाणारा वाळवंटी महामार्ग सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच्या साधारण मध्यावर डावीकडे एक फाटा फुटतो. सहलीची बस सरळ निघून जाते आणि वादी एल नत्रून मागे राहतं. इथे चौथ्या शतकापासून कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन ख्रिस्ती पंथाचे, साधू राहत आले आहेत. आज चार मठ चालू आहेत आणि त्यांत पहाटेची प्रार्थना रोज होते. हा फाटा धरावा, असं मी इजिप्तला निघालेल्या प्रत्येकाला सांगतो.

दरीचं नाव नत्रूनवरून पडलं. नत्रून म्हणजे इथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी साचणारा सोडा. कैरोच्या संग्रहालयात तुम्ही ज्या ममी पाहता, त्या सुकवायला हाच सोडा वापरत. परंपरा अशी की मकारियस नावाचा एक उंटवाला हा सोडा वाहायला इथे येत असे. इ.स. ३३० च्या सुमारास तो कायमचा इथेच राहिला, आणि त्याच्याभोवती एकेक करत साधू जमले.

आधी उपासांचं कॅलेंडर बघा

बहुतेक जण इथेच चुकतात. कॉप्टिक लोकांचे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपासाचे असतात. या दिवसांत मांस, अंडी, दूधदुभतं सगळं वर्ज्य. उपासाच्या मोठ्या काळात काही मठ पाहुण्यांसाठी दार बंद ठेवतात. नाताळचा उपास २५ नोव्हेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत, कारण त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो. ईस्टरच्या आधीचा मोठा उपास ५५ दिवसांचा, आणि तो बहुधा फेब्रुवारीत सुरू होतो. म्हणजे आपण थंडी बघून ज्या महिन्यांत इजिप्तला जातो, नेमके तेच महिने अडचणीचे. ऑक्टोबरपासून २४ नोव्हेंबरपर्यंतचा काळ उत्तम. दुसरी सोयीची खिडकी ८ जानेवारीपासून मोठा उपास लागेपर्यंतची. तारखा हलवता येत नसतील तरी हिरमुसू नका. अनबा बिशोयचा, म्हणजे संत बिशोयचा, मठ उपासातही खुला असतो. बाकीच्यांसाठी हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करायला सांगा.

वार निवडताना शुक्रवार आणि रविवार टाळा. शुक्रवार हा तिथला सुटीचा वार, त्यामुळे कॉप्टिक कुटुंबं बसगाड्या भरून येतात. ती भाविकांची गर्दी बघण्यासारखी असते, पण शांतता हवी असेल तर सोमवार ते गुरुवार बरा.

जायचं कसं

कैरोहून दिवसभरासाठी गाडी ठरवा. रस्ता दीड-दोन तासांचा आहे. चालकाला फक्त ‘वादी एल नत्रून’ सांगून भागत नाही, मठाचं नावही सांगा: ‘देर अनबा बिशोय’. देर म्हणजे मठ. पासपोर्ट जवळ असू द्या, वाटेत तपासणी नाके लागतात. पाणी भरपूर घ्या. मठांना तिकीट नाही, दानपेटी असते.

खांदे आणि गुडघे झाकणारे सैलसर कपडे घाला. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, प्रार्थना चालू असली तर ती डोक्यावर घेणं शोभून दिसतं. चपला बाहेर काढायच्या हे आपल्या माणसाला सांगावं लागत नाही. सँडल मात्र चटकन निघणारे हवेत, कारण एकेका मठात चार-चार वेळा काढावे लागतात. हिवाळ्यात मोजेही ठेवा, दगडी फरशी फार गार असते.

चार नको, दोनच मठ

चारही मठ एका दिवसात ‘उरकता’ येतात, पण मग एकही नीट दिसत नाही. अनबा बिशोय आणि देर एल सुरियान हे दोन शेजारी आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येतं. या दोघांना पूर्ण दिवस द्या.

सुरुवात बिशोयपासून करा. आत गेल्यावर चौकोनी, जाड भिंतींचा बुरूज दिसेल. त्याला कस्र म्हणतात. त्याचं दार जमिनीवर नाही, वरच्या मजल्यावर आहे, आणि तिथे लाकडी पुलावरून जायचं. टोळ्यांची धाड आली की साधू आत शिरून पूल ओढून घेत. वरच्या मजल्यावर मीखाएल देवदूताचं देऊळ आहे. आवारातल्या विहिरीजवळही थांबा. ४४४ साली लुटारूंनी अबू मकार, म्हणजे त्या मकारियसच्या, मठातल्या ४९ साधूंना मारलं आणि तलवारी इथे धुतल्या, असं सांगतात. म्हणून ही हुतात्म्यांची विहीर. याच मठात कॉप्टिक चर्चचे प्रमुख पोप शेनूदा तिसरे यांची समाधी आहे. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी त्यांना याच मठात स्थानबद्ध केलं होतं, ते १९८५ पर्यंत. २०१२ मध्ये त्यांना इथेच पुरलं. समाधीपाशी चिठ्ठ्या ठेवणारे लोक दिसतील, त्यांचे फोटो काढू नका.

मग सुरियान. नाव सीरियन साधूंवरून आलेलं. दहाव्या शतकात निसिबिसचा मोझेस इथला मठाधिपती होता. साधूंवरचा कर माफ करून घ्यायला तो बगदादला खलिफाकडे गेला. ९३२ मध्ये परतला तेव्हा कर तर माफ झाला होताच, शिवाय अडीचशे हस्तलिखितं बरोबर होती. त्यांतली कित्येक आज लंडनमध्ये आहेत. त्याच्या काळातलं लाकडी दार मात्र मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, चर्चमध्ये जागेवर उभं आहे: हस्तिदंत जडवलेल्या चौकटींच्या सात ओळी. साधू त्या ओळींतून चर्चच्या सात युगांची कथा सांगतात. वाटाड्या साधू भेटला तर ती त्याच्या तोंडून ऐका. १९८८ च्या आगीनंतर इथल्या गिलाव्याखाली जुनी भित्तिचित्रं सापडत गेली. फ्लॅश वापरू नका.

याच चर्चमधून एका अरुंद, अंधाऱ्या कोठडीत जाता येतं. शेजारचा मठ ज्याच्या नावाचा, तो संत बिशोय इथे रात्र-रात्र जागून प्रार्थना करायचा. झोप येऊ नये म्हणून तो केस छताला बांधून ठेवी, अशी आख्यायिका आहे. ‘शेंडी तुटो वा पारंबी तुटो’ म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून द्यावं लागत नाही. आत एका वेळी एकानेच जा, आणि दोन मिनिटं खरंच उभे राहा.

बाहेर आलात की अंगणातलं झाड ओळखा. चिंच आहे! सीरियाचा संत एफ्रेम बिशोयला भेटायला आला, काठी बाहेर टेकवून ठेवली आणि तिला पालवी फुटली, अशी कथा. चिंचेला अरबीत ‘तमर हिंदी’ म्हणतात, म्हणजे हिंदी खजूर. इतक्या दूर, वाळूच्या मधोमध, आपल्या नावाचं झाड एका संताची काठी म्हणून जपलेलं बघून माझा ऊर भरून येतो.

साधूंशी बोलताना, प्रार्थनेत बसताना

साधूला ‘अबूना’ म्हणा, म्हणजे आमचे बाबा. स्त्रियांनी आपणहून हात पुढे करू नये, छातीवर हात ठेवून मान लववली की नमस्कार पोचतो. डोक्यावरच्या काळ्या टोपडीवर भरलेले क्रूस दिसतील, त्यांतले बारा क्रूस येशूच्या बारा शिष्यांचे. इंग्रजी बोलणारे साधू असतात आणि ते आपणहून मठ दाखवतात. त्यांना बक्षिसी देऊ नका, पैसे दानपेटीतच टाका.

उपासना मिळाली तर मागे बसा. कॉप्टिक आणि अरबीतलं गायन चालतं, आणि साथीला झांज व त्रिकोणी घंटी, एवढंच. कम्युनियन, म्हणजे उपासनेतला पवित्र पाव आणि द्राक्षारस, फक्त ऑर्थोडॉक्स चर्चच्या सभासदांना देतात, तेव्हा वसई-गोव्याच्या कॅथलिक वाचकांनीही रांगेत उभं राहू नये. शेवटी वाटतात तो आशीर्वादाचा पाव मात्र सगळ्यांसाठी असतो. गोल, वर क्रूसांचा ठसा आणि पाच भोकं, येशूच्या पाच जखमांची. प्रसादासारखा घ्या, चुरा खाली सांडू देऊ नका.

मुक्कामाची परवानगी फक्त पुरुषांना मिळते, तीही आधी लेखी पत्र पाठवून. बाकीच्यांनी दुपार कलताना निघावं. अलेक्झांड्रियाला जायचं असेल तर परत कैरोला येऊ नका, त्याच महामार्गावर उत्तरेकडे वळा.