सिलिकाची धूळ: बांधकामावर हमखास होणाऱ्या या चुका टाळा

काँक्रीट, वीट, ग्रॅनाइट, वालुकाश्म या सगळ्यांत क्वार्ट्झच्या रूपात सिलिका असते आणि ती जागच्या जागी असेपर्यंत कोणाचे काही बिघडवत नाही. कटर किंवा ग्राइंडर फिरू लागला की तिचे पीठ उडते आणि त्यातले ४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे व्रण पाडतात आणि त्यातून सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही. धुळीतले काम सोडल्यानंतरही तो वाढत राहू शकतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेची गणना माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. एवढे ठाऊक असूनही प्रत्येक कामावर त्याच चुका दिसतात, आणि त्या पाहून मी आता थकलो आहे.

सर्वांत जुनी चूक म्हणजे पाण्याची सोय असताना कोरडे कापणे. काही वर्षांपूर्वी एका इमारतीच्या जिन्याचे काम माझ्या देखरेखीखाली चालू होते. ग्रॅनाइटच्या पायऱ्या कापायला नव्याने लागलेला एक मुलगा होता. हात चांगला, पण घाई फार. पाण्याची नळी जोडलेला कटर मी त्याला दिला होता आणि सकाळी पाणी चालू असल्याचे स्वतः पाहिले होते. दुपारी परत आलो तेव्हा जिन्याच्या खिडकीतून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात पांढरी धूळ दाट तरंगत होती, नळी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली होती आणि त्या मुलाच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पाणी सोडलं की रेघ पुसली जाते आणि काप वाकडा जातो. तीनच पायऱ्या राहिल्यात, पटकन उरकतो." दोन मजले वर रंगाचे काम करणारे चौघे होते आणि खाली एक बाई राडारोडा भरत होत्या. त्यांच्यापैकी कोणी कटरला हातही लावला नव्हता, पण जिन्याच्या पोकळीतून धूळ त्या सगळ्यांपर्यंत गेली होती. तीन पायऱ्यांच्या घाईची किंमत सहा जणांच्या छातीने मोजली, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या मुलाची अडचण मात्र खरी होती, आणि ती न सोडवता त्याला नुसते रागावून काही उपयोग झाला नसता. त्या दिवसापासून मी पेन्सिलीची रेघ बंद केली आणि मेणाच्या खडूने आखायला सांगतो; ती रेघ पाण्याने पुसली जात नाही. ब्लेड दगडाला टेकण्याआधी पाणी सुरू झालेले असले पाहिजे आणि धार ब्लेडवर पडली पाहिजे, आजूबाजूला नव्हे. कापण्याआधी दगडावर बादलीभर पाणी ओतून ठेवणे ही निव्वळ समजूत आहे, कारण ब्लेड आत शिरले की खालचा भाग कोरडाच असतो. झाकणाला भोक पाडलेली बाटली घेऊन मदतनिसाला शेजारी बसवणेही मला मान्य नाही: बाटली मध्येच संपते, धार चुकते आणि तो मदतनीस धुळीच्या सर्वांत जवळ असतो. विजेवर चालणारे यंत्र पाण्यासाठी बनवलेले असावे आणि त्याच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर असावा, याबाबत मी तडजोड करत नाही. पाणी चालू असूनही धूळ दिसत असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे आणि काम थांबवून आधी नळीचे तोंड साफ करावे. खाली साचलेला गाळ ओला असतानाच उचलून टाकावा, कारण तो वाळला की पायाखाली चिरडून पुन्हा हवेत उडतो.

दुसरी चूक मास्कची, आणि तिचा मला जास्त राग येतो, कारण ती करणाऱ्याला आपण काळजी घेतो आहोत असे वाटत असते. तोंडावर बांधलेला ओला रुमाल किंवा कापडी मास्क एवढे बारीक कण अडवू शकत नाही. एन ९५ मास्क अडवतो, पण तो चेहऱ्याला सगळीकडून चिकटून बसला तरच. दाढी वाढलेली असेल किंवा खालचा पट्टा त्रास होतो म्हणून कापून टाकलेला असेल तर हवा कडेने शिरते. नीट बसलेला असा मास्क आतली धूळ बाहेरच्या साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत आणतो, असे धरले जाते. अमेरिकेच्या २०१६ च्या नियमानुसार कामाच्या जागी हवेतल्या अशा बारीक सिलिकेची आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरमागे ५० मायक्रोग्रॅम आहे. कामाच्या आठ तासांत माणूस साधारण १० घनमीटर हवा ओढतो असे मानले, तर दिवसाला अवघा अर्धा मिलिग्रॅम होतो. कोरडे कापताना हवेतले प्रमाण या मर्यादेच्या कित्येक पट जाते, म्हणून एकट्या मास्कवर भरवसा ठेवून काम देणारा सुपरवायझर मला बेजबाबदार वाटतो. आधी धूळ उठू देऊ नये, उरलेल्यासाठी मास्क.

भिंतीत खाचा पाडताना किंवा काँक्रीट घासताना पाणी वापरता येत नसेल तर ग्राइंडरला धूळ ओढणारे आवरण आणि अगदी बारीक कणही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्युम जोडावा. घरगुती व्हॅक्युम आणू नये. तो बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. बंद खोलीत पंखा लावून धूळ जात नाही, ती फक्त फिरते. कोरडा झाडू मारू नये. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकणे तर ताबडतोब बंद करावे. कामाचे कपडे कामावरच बदलावेत, नाहीतर ती धूळ घरच्यांच्या श्वासात जाते. माणसे आळीपाळीने कापायला बसवणे हा उपाय नव्हे, त्याने धूळ खाणाऱ्यांची संख्या वाढते.

नव्यांना मी एक गोष्ट आवर्जून दाखवतो. काम संपल्यावर, दिवे घालवून, खोलीत बॅटरीचा झोत आडवा धरतो. मोकळ्या वाटणाऱ्या हवेत तेव्हा जे तरंगताना दिसते ते पाहून बहुतेकांची घाई कमी होते, आणि सगळ्यांत घातक कण तर त्या झोतातही दिसत नाहीत.

शेवटची चूक दवाखान्यात होते. नेहमीचा सिलिकोसिस सहसा दहा वर्षांहून अधिक काळाने उघड होतो, धूळ फार असेल तर त्याच्या कितीतरी आधी. आणि सिलिकेमुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. खोकला किंवा दम लागल्यावर माणूस औषध घेऊन येतो, पण आपण दगड कापतो हे सांगत नाही. किती वर्षे, कोणत्या यंत्रावर, पाण्यासह की कोरडे, हे डॉक्टरांना विचारण्याआधीच सांगावे आणि छातीच्या एक्स-रेच्या सगळ्या जुन्या फिल्म सोबत न्याव्यात.